स्वतंत्र चित्रपटाचा मार्ग : आपल्या तरुणांसाठी व त्यांच्या घरांसाठी एक अभ्यास

मुलाने अभियंता व्हावे, मुलीने शिक्षिका व्हावे, निदान एखाद्याने घरची शेती नीट सांभाळावी, अशी आपणां सर्वांची इच्छा असते. अशा घरात कोणी ‘मला चित्रपट करावयाचे आहेत’ असे म्हटले, की घर गप्प होते. वडिलांना वाटते, मुलगा हाताबाहेर गेला. आईला वाटते, तो मुंबईच्या गर्दीत हरवणार. आणि मुलाला वाटते, आपले मन कोणीच जाणत नाही. ह्या तिघांचेही थोडे थोडे खरे असते. परंतु ह्या गप्पपणातून दोनच गोष्टी निघतात : मुलगा न सांगता निघून जातो, अथवा मन मारून घरी बसतो. तिसरा मार्गही आहे, आणि तो विचारपूर्वक आखता येतो, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

हा विषय लामत्यास दूरचा वाटेल. पण तसा तो राहिलेला नाही. चित्रे घेणारे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. गावातील मुले लग्नाचे, मंडईचे, शाळेच्या संमेलनाचे चलच्चित्र घेतात व त्याच रात्री जोडून लोकांना दाखवितात. साधन हाती आले. धंद्याचे ज्ञान मात्र आले नाही. ते नसले म्हणजे हौस घर बुडविते, आणि असले म्हणजे तीच हौस पोट भरते व समाजाचे नावही राखते.

१. ‘स्वतंत्र’ म्हणजे काय?

मोठ्या चित्रसंस्थेच्या अथवा मोठ्या वितरकाच्या भांडवलावर व हुकमावर न चालणारा चित्रपट तो स्वतंत्र चित्रपट, अशी साधी व्याख्या करता येईल. गोष्ट कोणती सांगावयाची, नट कोण घ्यावयाचा, शेवट कसा करावयाचा, हे करणारा स्वतः ठरवितो. पण इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वतंत्र म्हणजे कोणाचेच देणे न लागणारा, असे नव्हे. पैसा कोठून तरी आणावाच लागतो, आणि ज्याचा पैसा त्याचा शब्द थोडाबहुत चालतोच. म्हणून खरा प्रश्न असा असतो : पैसा कोणाचा, तो परत कसा जावयाचा, आणि निर्णय कोणाच्या हाती राहावयाचा? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे जो आधी शोधतो, तोच ह्या क्षेत्रात टिकतो. कला त्याला शिकावी लागतेच; पण हिशेबही शिकावा लागतो. संपूर्ण लेखाचे सार एवढेच आहे. आता ते उदाहरणांनी पाहू.

२. फाळक्यांचा धडा

भारतातील पहिला स्वतंत्र चित्रपटकार मराठी होता. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळले तेव्हा वयाची चाळिशी गाठत होते. तोवर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. छायाचित्रण, शिळाछाप व मुद्रण ह्या कामांत त्यांची वर्षे गेली होती. म्हणजे चित्रपटाची हौस एका रात्रीत लागली असली, तरी तिला लागणारे हात वीस वर्षे तयार होत होते. तरुणांनी हे विसरू नये.

ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट मुंबईत पाहून त्यांच्या मनाने घेतले, की राम-कृष्णांची चरित्रेही अशीच पडद्यावर यावीत. त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले आणि १९१२ साली लंडनला जाऊन यंत्र व ज्ञान दोन्ही आणले. परत आल्यावर लगेच मोठ्या चित्रपटास हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीची एकेक चित्रे घेत त्यांनी लहानसा चित्रपट केला. बीजाचे रोप होताना पाहून पैसेवाल्याचा विश्वास बसला व कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शिवाय फितीला भोके पाडणे, ती धुणे आणि सर्व मंडळींचा स्वयंपाक, ही कामेही अंगावर घेतली. स्त्रीभूमिकेस बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला आणि चालला.

ह्या कथेचा उत्तरार्ध मात्र आपण क्वचितच सांगतो. १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पैसा आला, पण भागीदारांशी मतभेद होऊन फाळके बाहेर पडले, काशीस जाऊन राहिले, पुढे पुन्हा त्याच कंपनीत आले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट व एकमेव बोलपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. अखेरचे दिवस ओढगस्तीचे होते. ज्याच्या नावाने आज देशातील चित्रपटाचा सर्वोच्च सन्मान दिला जातो, त्याची ही स्थिती झाली. त्यांची कला कधी कमी पडली नाही. कलावंत आणि भागीदार ह्यांत निर्णय कोणाचा, ही गाठ मात्र अखेरपर्यंत सुटली नाही.

वाटाण्याच्या रोपापासून एक गोष्ट घ्यावी : आधी लहान करून दाखवावे, मग मोठे मागावे. उत्तरार्धापासून दुसरी घ्यावी : भागीदारी करावयाची तर अधिकार व वाटा कागदावर लिहून घ्यावा, मग तो भागीदार सख्खा भाऊ का असेना.

३. प्रभातची कार्यशाळा

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी हे तिचे भागीदार. ह्यांतील प्रमुख मंडळी बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडेल ते काम करीत शिकली होती. कोणी चित्रे रंगवी, कोणी यंत्र दुरुस्त करी, कोणी पडदे ओढी. पुढे ‘संत तुकाराम’ हा १९३६ चा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, त्यामागे ही उमेदवारी होती. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास आली. कंपनी मोडल्यावर तिच्याच आवारात १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था स्थापिली. आज ती एफ.टी.आय.आय. ह्या नावाने ओळखली जाते.

चित्रपट म्हणजे केवळ नट व दिग्दर्शक, अशी आपल्याकडील मुलांची समजूत असते. वस्तुतः छायाचित्रण, संकलन, ध्वनिमुद्रण, कलादिग्दर्शन, वेशभूषा, लेखन, निर्मितीची व्यवस्था अशी अनेक कामे त्यात असतात, आणि प्रत्येक काम हा स्वतंत्र पेशा आहे. शंभर मुले नट व्हावयास जातात, तेव्हा ध्वनीचे काम शिकावयास एखादाच जातो. काम कोणास लवकर मिळेल, हे सांगावयास नको.

४. आपल्या काळातील काही उदाहरणे

‘श्यामची आई’ ह्या चित्रपटास १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर मराठी चित्रपटास देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान पुन्हा मिळावयास २००४ साल उजाडावे लागले. तो मान मिळविणारा ‘श्वास’ दिग्दर्शक संदीप सावंत ह्यांचा पहिलाच चित्रपट. डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी जाणार असलेला नातू व त्याचे कोकणातील आजोबा, एवढीच गोष्ट. आजोबांची भूमिका करणारे अरुण नलावडे हेच निर्मात्यांपैकीही एक होते. चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविला गेला, तेव्हा अमेरिकेतील प्रचारास लागणारा पैसा सामान्य लोकांनी व शाळकरी मुलांनी वर्गणी करून उभा केला. साधी गोष्ट खरेपणाने सांगितली तर समाज मागे उभा राहतो, याचे हे उदाहरण.

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर नावाचे गाव आहे. तेथील नागराज मंजुळे ह्यांनी मराठीत एम. ए. केले, कविता लिहिल्या, आणि मग अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) संज्ञापनाचा अभ्यासक्रम घेतला. शाळेत जाण्याची ओढ असलेल्या गरीब मुलाची ‘पिस्तुल्या’ ही त्यांची लघुकथा पडद्यावर आली, आणि ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा मान तिला मिळाला. मग २०१३ मध्ये ‘फँड्री’, आणि २०१६ मध्ये ‘सैराट’. शंभर कोटींहून अधिक उत्पन्न मिळविणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून ‘सैराट’ ओळखला जातो. पायऱ्या पाहा : कविता, लघुपट, लहान चित्रपट, मोठा चित्रपट. एकही पायरी गाळलेली नाही. आणि विषय कोठून आला? स्वतः पाहिलेल्या गावातून, स्वतः ऐकलेल्या बोलीतून, जातीच्या ज्या भिंती सर्वांना दिसतात पण बोलल्या जात नाहीत त्यांतून.

‘कोर्ट’ हा चैतन्य ताम्हाणे ह्यांचा चित्रपट २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पारितोषिके घेऊन आला व पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला. तेव्हा दिग्दर्शक सत्तावीस वर्षांचे होते. पटकथा लिहीत असताना त्यांचा खर्च चालावा म्हणून अभिनेते विवेक गोंबर ह्यांनी त्यांना दरमहा पैसे दिले, आणि तेच पुढे निर्माते झाले. ह्यातील लोकशाहीर नारायण कांबळेंची भूमिका नागपूरच्या वीरा साथीदार ह्यांनी केली. ते व्यवसायाने नट नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. नागपूर आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत आपल्या प्रांताची ती राजधानी होती. तिथल्या एका माणसाचा चेहरा व्हेनिसपर्यंत गेला.

मुंबईत वाढलेले रोहन कानवडे हे अंतर्गत सजावट शिकलेले. चित्रपटाच्या शाळेत ते गेलेच नाहीत. लघुपट करीत करीत ते स्वतः शिकले, आणि २०२५ साली त्यांच्या ‘साबर बोंडं’ ह्या मराठी चित्रपटास अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातील सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

एक उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तेथे व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख ह्यांनी २००० सालच्या सुमारास गावातल्याच माणसांना घेऊन प्रसिद्ध चित्रपटांची विनोदी रूपे काढावयास आरंभ केला. मागावर काम करणारे नट झाले. सायकल व बैलगाडी ह्यांवर कॅमेरा ठेवून फिरती दृश्ये घेतली गेली. ते चित्रपट गावाने पाहिले, म्हणून खर्च निघाला. पुढे त्यांच्यावर माहितीपट निघाला, आणि अलीकडे हिंदी चित्रपटही. गावातच प्रेक्षक तयार करणे, हाही एक धंद्याचा मार्ग आहे, हे मालेगावने दाखविले.

५. आपल्या भागाची शिदोरी

आता आपल्या अंगणाकडे वळू. दिवाळीनंतर आपल्या गावागावांत मंडई भरते. दंडार, गंमत, नाटक रात्रभर चालते. वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत झाडीपट्टीची रंगभूमी आहे. वडसा हे तिचे केंद्र. धानाची कापणी झाली की नाटकमंडळ्या निघतात, त्या होळीच्या सुमारास थांबतात. तिकीट काढून हजारो माणसे थंडीत बसतात. ह्या रंगभूमीवरील परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे आपल्या शेजारीच असा धंदा उभा आहे की जो मुंबईच्या पैशावर चालत नाही, शेतीच्या हंगामाशी जुळवून घेतो, आणि प्रेक्षकांच्या खिशातून चालतो. ज्या तरुणास अभिनय, नेपथ्य, प्रकाश अथवा ध्वनी शिकावयाचा आहे, त्याने मुंबईचे तिकीट काढण्यापूर्वी एक हंगाम वडशास काढावा. पोटापुरते मिळेल, आणि रोज नव्या गावी समोरचा प्रेक्षक केव्हा हसतो, केव्हा उठून जातो, हे कळेल. असे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही.

चित्रपटवाले आपल्या जिल्ह्यातही आले आहेत. अमित मसुरकर हे मराठी दिग्दर्शक. अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून ते मुंबईस गेले, दूरचित्रवाणीसाठी लिहून पोट भरले. अगदी थोड्या पैशात ‘सुलेमानी कीडा’ केला. २०१७ मध्ये ‘न्यूटन’ केला व तो भारतातर्फे ऑस्करसाठी गेला. त्यांच्या ‘शेरनी’चे चित्रण २०२० मध्ये बालाघाट जिल्ह्याच्या जंगलांत झाले. असे पथक येते तेव्हा त्याला गाड्या, जेवण, मदतनीस, वाटाड्या, सुतार, गर्दीतील माणसे हवी असतात. मध्य प्रदेश शासनाने २०२० मध्ये चित्रपट-पर्यटनाचे धोरण आखून राज्यात चित्रण करणाऱ्यांस अनुदान देऊ केले, त्यामुळे पथके येत राहतील. आपल्या तरुणाने अशा वेळी दूर उभे राहून नटीचे छायाचित्र घेण्यापेक्षा व्यवस्थापकास जाऊन भेटावे व मिळेल ते काम मागावे. बाबूराव पेंटरांच्या हाताखालची मंडळी अशीच शिकली.

आणि विषय? बालाघाट–नैनपूर मार्गावरची छोटी रेल्वे आपल्या आजोबांच्या काळापासून लामत्यावरून जात होती. मोठ्या रुळांसाठी २०१५ मध्ये ती बंद झाली. त्या गाडीच्या आठवणी सांगणारी माणसे आज आहेत, उद्या नसतील. भरवेलीच्या मँगनीज खाणीत आयुष्य घालविलेले कामगार आहेत. वारासिवनीचे विणकर आहेत. चिन्नोर तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तो पिकविणाऱ्याच्या घरात काय बदलले? बैगा व गोंड बांधव जंगलाविषयी काय जाणतात? पोवारी बोलणारी नातवंडे किती उरली? ह्यांतील प्रत्येक प्रश्नावर पंधरा मिनिटांचा माहितीपट होऊ शकतो. तो करावयास नट नको, सेट नको. चिकाटी हवी आणि माणसांशी सभ्यपणे बोलता यावयास हवे. मुंबईचा मुलगा ह्या विषयांसाठी हजार रुपये खर्चून येईल. आपला मुलगा सायकलीवर जाऊ शकतो.

६. शिक्षण आणि पोटाचा उद्योग

औपचारिक शिक्षण घ्यावयाचे असेल तर पुण्याची एफ.टी.आय.आय. व कोलकात्याची सत्यजित राय संस्था ह्या दोन सरकारी संस्था प्रमुख होत. प्रवेश परीक्षेने मिळतो. बहुतेक मुख्य अभ्यासक्रमांस पदवी लागते. म्हणून ‘पदवी सोडून चित्रपटात जातो’ हे म्हणणे हिशेबानेही चूक आहे. पदवी कोणत्याही विषयाची चालते. ती पुरी करावी. ‘गिरणी’ हा लघुपट व पुढे ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ हे चित्रपट करणारे उमेश कुलकर्णी पुण्याच्या ह्याच संस्थेत शिकले. खाजगी शाळा पुष्कळ आहेत. त्यांचे शुल्क भरण्यापूर्वी तेथून बाहेर पडलेले पाच विद्यार्थी आज काय करतात, हे स्वतः जाऊन विचारावे.

स्वतंत्र चित्रपटातून पोट पहिल्या दिवसापासून भरत नाही. एक चित्रपट मनात आल्यापासून पडद्यावर यावयास दोन-चार वर्षे सहज लागतात, आणि त्या काळात जेवावे लागतेच. म्हणून प्रत्येकाजवळ एक ‘पोटाची कला’ असावी : लग्नाचे चित्रण, जाहिरातींचे संकलन, शाळांसाठी व शेतकी खात्यासाठी माहितीपट, भाषांतर, ध्वनिमुद्रण. ह्यात कमीपणा मानू नये. फाळक्यांनी छापखाना चालविला, मसुरकरांनी दूरचित्रवाणीचे लेखन केले. मात्र एक पथ्य पाळावे : आठवड्यातील ठरावीक वेळ स्वतःच्या कामासाठी राखून ठेवावा, नाही तर पोटाची कलाच सर्व आयुष्य खाऊन टाकते.

७. पैसा व कागद

पैशाचे मार्ग साधारण असे आहेत. पहिला, स्वतःची बचत व मित्रांचे साहाय्य. लघुपटास एवढे पुरते. दुसरा, एखादा निर्माता, जसे गोंबर लाभले. तिसरा, परदेशी निधी व बाजार. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळातर्फे २००७ पासून गोव्यात फिल्म बाजार भरतो, तेथे अपुरा चित्रपट अथवा नुसती पटकथा घेऊनही जाता येते. चौथा, शासकीय अनुदान. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांस दर्जा पाहून अनुदान देते, पण ते चित्रपट पुरा झाल्यावर, म्हणून त्यावर विसंबून कर्ज काढू नये. पाचवा, वर्गणी. १९७६ मध्ये श्याम बेनेगल ह्यांनी ‘मंथन’ काढला, तेव्हा गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन त्याचे दहा लाखांचे भांडवल उभे केले. पुढे हेच निर्माते ट्रकांत बसून आपला चित्रपट पाहावयास आले. थोर काम दोन-दोन रुपयांनी होते, हे न्यासाच्या सभासदांस वेगळे सांगावयास नको.

शेत विकून चित्रपट काढणे हा मात्र मार्ग नव्हे. एक बांधी विकली की ती परत येत नाही, आणि पहिला चित्रपट बहुधा शिकण्यातच जातो. पहिले प्रयोग एवढ्याच पैशात करावे, की तो सर्व बुडाला तरी घराचे एक जेवण कमी होणार नाही.

अंदाजपत्रक करताना नवखे लोक कॅमेऱ्यावर पैसा घालतात व ध्वनीवर वाचवितात. हे उलट करावे. थोडे अंधुक चित्र प्रेक्षक सोसतो, न कळणारा शब्द सोसत नाही. जेवण, प्रवास, आणि पावसाने वाया जाणारा एक दिवस, हे खर्च आधीच मांडावेत. महोत्सवांची प्रवेशशुल्केही मांडावीत. दहा ठिकाणी पाठविले की ती रक्कम डोळ्यांत भरते.

कागदाचे महत्त्व फाळक्यांच्या कथेत पाहिलेच. पटकथा कोणास दाखविण्यापूर्वी मुंबईच्या पटकथालेखक संघाकडे तिची नोंद करावी. २०१२ च्या सुधारणेने प्रताधिकाराचा कायदा लेखक व संगीतकारांच्या बाजूचा झाला आहे : चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून इतर वापराचे जे मानधन येते, त्यातील आपला वाटा त्यांना निर्मात्यास देऊन टाकता येत नाही. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण भलत्या कागदावर सही करतात. मित्रांनी फुकट काम केले तरी एक पानी करार असावा : नाव कोठे येईल, उत्पन्न झाले तर वाटा किती, चित्रपट कोणाच्या मालकीचा. चित्रगृहात दाखवावयाचा तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, त्याचाही वेळ व खर्च धरावा.

आणि एक सावधगिरीची सूचना. भूमिका देतो म्हणून नोंदणीचे, छायाचित्रांचे अथवा ‘कार्डा’चे पैसे आगाऊ मागणारा माणूस चित्रपटवाला नव्हे. खरा निर्माता नटास पैसे देतो, नटाकडून घेत नाही. मुलींच्या पालकांनी भेटीचे स्थळ, वेळ व संस्थेचे नाव लिहून घ्यावे, आणि पहिल्या भेटीस घरचे कोणी बरोबर असावे. ह्यात मुलीवर अविश्वास नाही; परगावी जाणाऱ्या कोणासही आपण स्टेशनपर्यंत पोचवितोच.

८. घराने व न्यासाने काय करावे?

घराने मुलास मुदत द्यावी. दोन वर्षे म्हणा, तीन म्हणा. पण ती दोघांनी मिळून ठरवावी आणि त्या मुदतीत काय व्हावयास हवे तेही ठरवावे : इतके लघुपट, एखादी नोकरी अथवा उमेदवारी, एखादा महोत्सव. मुदत संपल्यावर पुन्हा बसून विचार करावा. रोज उठून ‘काय झाले तुझ्या सिनेमाचे?’ असे विचारू नये. धानाचा रोवणा झाल्यावर आपण रोज रोप उपटून मुळे पाहतो काय? आणि मुदतीनंतर मुलाने दुसरा मार्ग धरला, तर त्यास अपयशी म्हणू नये. संकलन, लेखन व माणसे सांभाळण्याची कला त्याच्याजवळ राहतेच.

न्यासाने मोठा खर्च करण्याची गरज नाही. एक बरा ध्वनिमुद्रक व मायक्रोफोन विकत घेऊन तरुणांस पाळीपाळीने वापरावयास द्यावा. वर्षातून एकदा सभागृहात पांढरा पडदा लावून गावातील मुलांचे लघुपट सर्वांनी बसून पाहावे आणि मग न भांडता चर्चा करावी. ह्याच दिवशी चांगले जुने-नवे मराठी चित्रपट परवानगी घेऊन दाखवावेत. आणि ह्या महोत्सवी वर्षात आपल्या वृद्ध सभासदांच्या मुलाखती मुलांकडून घेऊन ठेवाव्यात. न्यास कसा उभा राहिला, पहिली वर्गणी कोणी दिली, दुष्काळात काय केले, हे त्यांच्याच आवाजात राहील. मुलांस काम मिळेल, न्यासास इतिहास मिळेल, आणि एखाद्या मुलीस त्या मुलाखती घेता घेताच कळेल, की आपल्याला हेच आयुष्यभर करावयाचे आहे.

शेवटी, ज्या घरात असा प्रश्न उभा आहे त्यांनी रात्री जेवणानंतर एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत :

१) ह्या क्षेत्रातील नेमके कोणते काम मला शिकावयाचे आहे?

२) मी आजवर काय करून दाखविले आहे? काहीच नसल्यास येत्या तीन महिन्यांत कोणता पाच मिनिटांचा लघुपट करीन?

३) पोटाची कला कोणती?

४) पैसा कोणाचा, तो कसा परत जाईल, आणि निर्णय कोणाचा?

५) घर किती मुदत देते, आणि त्या काळात मी घरास काय देतो?

ही पाच उत्तरे एका कागदावर आली की वडिलांची भीती व मुलाची हौस एकाच ठिकाणी बसून बोलू लागतात. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई फितीला भोके पाडीत बसत, कारण काय चालले आहे हे त्यांना सांगितले गेले होते. आपल्या घरातही ते सांगितले जावे.